‘तिचा स्वभावच तसा’ म्हणण्याआधी

वाचकांचं पत्र

ताई, आमचा बारा जणींचा बचत गट सोलापूरच्या पूर्व भागात आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकतो. मराठी, कानडी, तेलुगू अशा सगळ्याच घरांतल्या बायका आहोत. बैठक मराठीत चालते, कारण वही मराठीत आहे. दिवाळीनंतर एका प्रशिक्षणात आमच्याकडून मोबाईलवर स्वभावाची चाचणी भरून घेतली. सोळा प्रकारांपैकी प्रत्येकीला एक प्रकार मिळाला. मलाच ते फार आवडलं आणि मी सगळ्यांचे प्रकार कागदावर लिहून बैठकीच्या खोलीत भिंतीला लावले. आता त्यावरूनच भांडणं होतात. हिशेब ठेवणारी म्हणते, ‘मी मनानं नाही, डोक्यानं ठरवते, चाचणीतच आलंय,’ आणि कुणालाही फाडफाड बोलते. आमची अक्का ‘अंतर्मुख’ निघाली. तिला मराठी वाचायला जड जातं, म्हणून तिची उत्तरं मीच विचारून भरली होती. गड्ड्याच्या यात्रेतल्या आमच्या स्टॉलवर कुणी बसायचं हे ठरवताना सगळ्या म्हणाल्या, तिला नको, तिला माणसांत जमत नाही. ती काहीच बोलली नाही. त्यानंतर दोन बैठकांना आली नाही. बचतीचे पैसे मुलाच्या हाती पाठवते. मला कळत नाही, बतुकम्माच्या, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाच्या फेरात गाणं तीच सुरू करते, अख्खी गल्ली तिच्या मागून म्हणते, मग ही अंतर्मुख कशी? माझी मुलगी दहावीला आहे. तिनंही चाचणी भरली आणि आता म्हणते, माझ्या प्रकाराला कॉमर्स चालत नाही. ही चाचणी खरी मानायची की खोटी? तो कागद काढून टाकू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई,

कागद काढून टाका. हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण त्याचं उत्तर आधी देते, कारण तो भिंतीवर आहे तोवर तुम्ही एकमेकींकडे बघण्याआधी त्याच्याकडे बघणार. काढताना बैठक बोलावू नका, भाषण करू नका. खोली झाडताना काढा आणि घडी घालून ठेवून द्या.

चाचणी तुम्हाला आवडली यात गैर काहीच नाही. बारा बायकांना कुणीतरी विचारलं की चार लोकांत वावरून आल्यावर तुम्हाला हुशारी वाटते की दमल्यासारखं होतं, काम आधी आखून केलेलं बरं वाटतं की वेळेवर सुचेल तसं. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे आयुष्यात कुणी विचारलेलं नसतं. माहेरी आईनं ठरवलं, सासरी सासूबाईंनी, पुढे मुलांच्या शाळेच्या वेळांनी. त्या दिवशी तुमच्या खोलीत जी मजा आली ती या विचारण्याची होती, आणि ती मला मोलाची वाटते. बिघडलं ते नंतर, उत्तराचं लेबल झालं तेव्हा.

ही चाचणी आली कुठून ते थोडं सांगते, म्हणजे तिच्यावर किती भार टाकायचा ते तुम्हालाच कळेल. स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये माणसांच्या मनाची ओढ कोणकोणत्या दिशांना असते याची मांडणी केली. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी तिथून जगभर गेली. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, बायका कारखान्यांत कामाला जाऊ लागल्या, तेव्हा कुणाला कोणतं काम रुचेल हे ज्याचं त्याला उमगावं असा इसाबेल यांचा हेतू होता. स्वभावाच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला दोन टोकं, त्यातून १६ प्रकार होतात. मोबाईलवर फुकट मिळतात त्या बहुतेक चाचण्या म्हणजे मूळ प्रश्नावली नव्हे. तिच्या धर्तीवर दुसऱ्यांनी केलेल्या आहेत.

आता दुखणं कुठे आहे ते बघा. माणसं टोकाला कमी असतात आणि मध्ये जास्त. चाचणी मात्र मधोमध रेघ मारते. दहावीच्या पेपरात ३४ गुणांना नापास आणि ३५ ला पास म्हणतात, पण त्या दोन पोरांच्या अभ्यासात फरक एका गुणाचाच असतो, तसंच हे. रेघेच्या अलीकडची बाई ‘अंतर्मुख’, पलीकडची ‘बहिर्मुख’, आणि दोघी जवळपास सारख्याच. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलून येतो. मानसशास्त्राचे अभ्यासक आज बहुतेक करून पाच गुण मोजतात: नव्याची ओढ, काटेकोरपणा, माणसांत मिसळण्याची आवड, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि मन किती चटकन अस्वस्थ होतं ते. आणि तेही कमी-जास्त असं पट्टीवर मोजतात, माणसाला खोक्यात बसवत नाहीत.

मग वाचताना ‘अगदी माझंच लिहिलंय’ असं का वाटतं? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. नंतर त्यांना कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता आणि तो राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. त्यात एक वाक्य या अर्थाचं होतं: कधी तुम्ही मोकळेपणानं मिसळता, तर कधी अलिप्त आणि सावध राहता. मला सांगा, तुमच्या बारा जणींत हे वाक्य कुणाला लागू पडणार नाही? अक्कालाही पडेल, त्या हिशेबवालीलाही पडेल.

याचा अर्थ माणसामाणसांत फरकच नसतो असा नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपण उगाच म्हणत नाही. आपल्याकडे सत्त्व, रज, तम ही विभागणी किती जुनी, पण गीतेच्या चौदाव्या अध्यायात तिची मांडणी बघितली तर तिन्ही गुण प्रत्येकात असतात आणि कधी एक इतरांना दाबून वर येतो, कधी दुसरा. सकाळी शांतपणे चटणी कुटणारी बाई संध्याकाळी उधारीवरून कडाडते. दोन्ही तीच. खुद्द युंगही म्हणत असत की निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस नसतो.

आता अक्का. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: तिची उत्तरं तुम्ही विचारून भरलीत. ते चित्र डोळ्यांसमोर आणा. खोलीत बारा जणी आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाई. मोबाईल तुमच्या हातात. तुम्ही मराठीत विचारता, ‘अक्का, तुम्ही अनोळखी माणसांशी सहज बोलता का?’ सगळ्या तिच्याकडे बघताहेत. ती हसून मान हलवते किंवा ‘नाही जमत’ म्हणते, आणि तुम्ही बोट दाबता. ते उत्तर तिच्या स्वभावाचं होतं की त्या खोलीतल्या मराठीचं? बतुकम्माच्या फेरात फुलांच्या राशीभोवती टाळ्या वाजवत गाणं उचलणारी बाई लाजाळू असू शकते, नाही असं नाही. पण तिथे ती तिच्या भाषेत असते, तिच्या बायकांत असते, आणि गाणं तिला येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या बैठकीत यातलं काहीच तिच्याकडे नसतं. गटातल्या बाकी तेलुगू बायका बोलतात म्हणाल, तर त्या मराठी शाळेत गेल्यात का, हेही बघा.

ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये माणसाच्या एका खोडीला नाव दिलं. दुसरा कसा वागला याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती नजरेआड करतो. आपलं स्वतःचं मात्र उलट असतं. मी बैठकीला उशिरा आले तर रिक्षा मिळाली नाही, ती उशिरा आली तर तिला शिस्तच नाही. घरात, गल्लीत, गणपती मंडळात, सगळीकडे हे चालतं. स्वभावचाचणीनं या खोडीला सर्टिफिकेट मिळतं, म्हणून मला तिची काळजी वाटते. एकदा ‘अंतर्मुख’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. तिला भाषेची अडचण आहे का, ती विड्या वळत असेल तर त्या देऊन येण्याची आणि तुमच्या बैठकीची वेळ एकच येते का, घरी कुणी आजारी आहे का, मागच्या बैठकीत तिच्या बोलण्याला कुणी हसलं होतं का, हे सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं जातं. ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून आपण मोकळ्या होतो, आणि औषध कदाचित बैठक तासभर पुढे ढकलण्याइतकं साधं असतं.

आणि स्टॉलचं म्हणाल तर गटाचं नुकसानच झालंय. गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर कर्नाटकातून, तेलंगणातून केवढी माणसं येतात. चटणी चाखायला घेऊन ‘तिखट किती आहे’ असं तेलुगूत विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला तेलुगूत उत्तर देणारी बाई तुम्ही घरी बसवलीत. मूळ चाचणी ज्यांच्याकडे आहे ती मंडळीही सांगतात की कुणाला कामाला निवडायचं आणि कुणाला गाळायचं हे ठरवायला ती वापरू नका. तुमच्या गटात नेमका तोच वापर झाला.

एक बाजू तुमच्या पत्रात नाही, ती मी विचारते. ज्या ‘बहिर्मुख’ निघाल्या त्यांचं काय? स्टॉल त्यांच्याच गळ्यात पडला असणार. रात्री उशिरापर्यंत धुळीत, गर्दीत उभं राहायचं, घरी लहान मुलं, आणि तक्रार करायची सोय नाही, कारण ‘तुला तर आवडतं की माणसांत!’ त्यांनाही विचारा.

हिशेबवाल्या ताईंकडे वळते. चाचणीतली ती ‘डोकं की मन’ जोडी फक्त एवढंच विचारते की निर्णय घेताना तुम्ही आधी कशाकडे बघता, नियमाकडे की माणसांकडे. जीभ कशी चालवायची याचा परवाना त्यात कुठेच नाही. तरी त्यांच्यावर सगळ्यांनी तुटून पडू नका, कारण त्यांचं काम गटाचा कणा आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे या पंचसूत्रीतली शेवटची दोन कामं चोख ठेवणारी बाई मिळणं सोपं नाही, आणि थकलेला हप्ता मागताना वाईटपणा तिच्याच वाट्याला येतो. बहुधा म्हणूनच त्यांनी त्या चाचणीचा आधार घट्ट धरलाय. त्यांना एकटीला गाठा आणि आधी तेवढं तोंडानं बोलून दाखवा. मग सांगा की थकबाकी वहीतून वाचायची ती रक्कम आणि तारीख एवढीच, त्यापुढे शेरा नाही. ‘दोन हप्ते बाकी’ इथे थांबायचं. ‘हिचं नेहमीचंच आहे’ हे वहीत लिहिलेलं नसतं. त्या काटेकोर आहेत, तर हा नियम त्यांनाच पाळायला सोपा जाईल.

मग चाचणीचा उपयोग काय? आहे. स्वतःबद्दल बोलायला ती वापरा, दुसरीबद्दल बोलायला वापरू नका. पुढच्या एखाद्या बैठकीत, आकडेमोड झाल्यावर, चहा घेताना प्रत्येकीनं आपल्यापुरतं एक वाक्य बोलायचं: मला काम कसं दिलं की बरं जमतं. प्रकाराचं नाव घ्यायचं नाही. कुणी म्हणेल, ‘मला तिथल्या तिथे उत्तर सुचत नाही, घरी गेल्यावर सुचतं.’ मग महत्त्वाचा विषय आदल्या दिवशी सांगायची पद्धत पाडा. कुणी म्हणेल, ‘एकटीनं पाकिटं भरत बसले की माझा जीव जातो, शेजारी कुणी बोलायला असलं की शंभर भरेन.’ दोघींना बसवा. कुणी म्हणेल, ‘ऐनवेळी ऑर्डर बदलली की माझं डोकं फिरतं.’ हे कळलं तरी अर्धी चिडचिड कमी होते, कारण तिचं डोकं आपल्यावर फिरत नव्हतं हे बाकीच्यांना समजतं. शेजारणीनं मध्येच ‘हो, ही अशीच आहे’ म्हटलं तर तिला थांबवा. आणि ही वाक्यं कुठेही लिहून ठेवू नका. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, निम्म्या जणींचं वाक्य बदललेलं असेल. स्टॉल पाळीनं ठेवा, ज्या पहिल्यांदा बसणार त्यांच्यासोबत एक सरावलेली बसवा, आणि कुणाला खरंच नको असेल तर ते तिनं स्वतः सांगावं.

मुलीबद्दल थोडक्यात. तिला चिडवू नका आणि चाचणी मूर्खपणाची आहे असंही म्हणू नका. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ‘मी कोण’ हे शोधायला पोरं हाताला लागेल ते धरतात, आणि हे त्यातलं निरुपद्रवी आहे. पण शाखा यावर ठरत नाही. कोणता विषय घेऊन ती न सांगता बसते, कोणता टाळते, नववी-दहावीचे गुण काय सांगतात, कॉमर्सला गेलेली ओळखीची एखादी मुलगी दिवसभर नेमकं काय करते, हे बघा. शक्य झालं तर तिला तुमच्या गटाची वही महिनाभर लिहायला द्या. हिशेबात रस आहे की नाही, ते तिचं तिलाच कळेल.

आता अक्काकडे जा. सगळ्याजणी मिळून जाऊ नका, तिच्यावर दडपण येईल. तुम्ही आणि गटातली एक तेलुगू बोलणारी मैत्रीण, दोघी पुरे. कागद, मोबाईल, वही यातलं काही नेऊ नका. ‘तू का येत नाहीस’ या प्रश्नानं सुरुवात केलीत तर ‘तब्येत बरी नव्हती’ हेच उत्तर मिळेल आणि विषय संपेल. आधी तुम्ही सांगा: ‘अक्का, तुमची उत्तरं मी घाईत भरली, आणि स्टॉलचं तुम्हाला न विचारता ठरवलं. ते चुकलं.’ मग गप्प बसा. तिला तेलुगूत बोलायचं तर तेलुगूत बोलू दे, तुम्हाला सगळं नाही कळलं तरी चालेल, मैत्रीण नंतर सांगेल. मध्ये शांतता पडली तर ती भरायला घाई करू नका.

ती म्हणाली की स्टॉल मला नकोच होता, तर तेही मान्य करा. कदाचित तिला खरंच घरात बसून चटणी कुटणं आवडत असेल आणि राग फक्त न विचारल्याचा असेल. ती म्हणाली की मला बसायचं होतं, तर पुढच्या प्रदर्शनातली पहिली पाळी तिला द्या आणि ते बैठकीत सगळ्यांसमोर सांगा, कारण नको म्हटलं गेलं तेही सगळ्यांसमोरच. आणि बैठकीत एक सोय आजपासून करता येईल: विषय मराठीत मांडला की तोच तेलुगूत आणि कानडीत दोन वाक्यांत सांगायचा, मगच मत विचारायचं. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील.

गैरहजेरीचा दंड तुमच्या नियमात असेल तर त्या दोन बैठकांचा विषय त्या दिवशी काढू नका. तो माफ करायचा का हे सगळ्यांनी मिळून बैठकीत ठरवा, अक्का समोर असताना.

तुमची,
ताई